एक डबा, तीन माणसं: येळ्ळूर शिवारातल्या एका घरातला आस्कंद

बेळगावच्या दक्षिणेला येळ्ळूर, वडगाव, शहापूरचं शिवार आहे. पावसाळ्यात भात, आणि भात कापलं की जमिनीतल्या ओलीवर मसूर. या पट्ट्यातल्या एका शेतकरी घराचं हे प्रकरण त्या घराच्या परवानगीने लिहिते आहे. नावं आणि ओळख पटेल असे तपशील काढले आहेत. आस्कंद म्हणजे अश्वगंधा. त्याचा गुण मी माझ्या दवाखान्यात वर्षानुवर्षं पाहत आले आहे आणि या घरातही तो पुरेपूर दिसला. त्याच डब्यातून त्रासही निघाला. दोन्ही गोष्टी एकाच छपराखाली घडल्या म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडण्यासारखं वाटतं.

घरात चार माणसं. काका ६१ वर्षांचे, साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, आता शेती बघतात. मावशी ५३ वर्षांच्या, गावच्या शाळेत दुपारच्या जेवणाच्या स्वयंपाकाला जातात, शिवाय घरचं आणि गोठ्याचं. सून २६ वर्षांची. मुलगा पुण्याला कंपनीत, सणावाराला येतो.

काकांचा आजार

श्रावणात काकांना विषमज्वर, म्हणजे टायफॉईड झाला. शहरातल्या दवाखान्यात उपचार झाले, ताप गेला, रिपोर्ट साफ आले. पण माणूस उठेना. माझ्याकडे आले तेव्हा वजन ५१ किलो, मांड्या बारीक झालेल्या, भूक नाही, तोंडाला चव नाही, रात्री दोननंतर झोप नाही. खुर्चीवरून उठायला दोन्ही हातांचा आधार लागायचा. हात न टेकता अर्ध्या मिनिटात किती वेळा उठता येतं ते मोजलं, तर सातच वेळा. साखर, थायरॉईड, यकृत, मूत्रपिंड सगळं तपासून घेतलं होतं आणि ठीक होतं. दुसरं कुठलंही औषध चालू नव्हतं.

आयुर्वेदाच्या भाषेत हे ज्वरानंतरचं क्षीणत्व. अग्नी मंद, मांसधातू झिजलेला, वात वाढलेला. चरकसंहितेत आस्कंद ‘बल्य’ आणि ‘बृंहणीय’ अशा दोन्ही गणांत आहे, म्हणजे बळ देणारा आणि शरीर भरून आणणारा. वीर्याने, म्हणजे अंगच्या गुणाने, उष्ण, वात आणि कफ कमी करणारा. थंडावलेल्या, वाळलेल्या, वाताने पोखरलेल्या माणसासाठीच जणू हे मूळ आहे. तरी पहिल्या दिवशी ते दिलं नाही. भूकच नसलेल्या माणसाला पौष्टिक औषध घातलं की ते पोटात जड होऊन बसतं. पहिला आठवडाभर सुंठीचं पाणी, मऊ भात, मुगाचं कढण आणि ताक. भूक लागू लागल्यावर आस्कंदाच्या मुळाचं चूर्ण, ३ ग्रॅम सकाळी आणि ३ ग्रॅम रात्री. आयुर्वेदिक औषधसंहितेत चूर्णाची दिवसाची मात्रा ३ ते ६ ग्रॅम दिली आहे, त्या मर्यादेतच.

चूर्ण नुसतं फाकायला न सांगता क्षीरपाक करायला सांगितला. औषध एक भाग, दूध आठ भाग, पाणी बत्तीस भाग. मंद आचेवर पाणी आटून दूध उरेपर्यंत उकळायचं, गाळायचं, वर अर्धा चमचा तूप. हे काम मावशींनी मनापासून केलं. घरात म्हैस होतीच.

दिवाळीपर्यंत काकांचं वजन ५५ किलोवर आलं. हात न टेकता उठणं सातावरून तेरावर गेलं. पहाटे साडेचारपर्यंत सलग झोप लागू लागली, आणि भातकापणीला ते स्वतः बांधावर उभे होते. याचं सगळं श्रेय मी आस्कंदाला देणार नाही. तापातून उठलेला माणूस नीट जेवला तर काही अंशी आपोआपच सावरतो. दूध, तूप आणि मुगाचाही त्यात वाटा आहे. पण स्नायूंचं बळ आणि झोप या दोन गोष्टींवर आस्कंदाचा परिणाम आधुनिक चाचण्यांतही दिसला आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत व्यायाम करणाऱ्या ५७ पुरुषांपैकी ज्यांना आठ आठवडे रोज ६०० मिलिग्रॅम मुळाचा अर्क दिला, त्यांच्या स्नायूंची ताकद नुसता व्यायाम करणाऱ्यांपेक्षा जास्त वाढली. झोपेवरच्या पाच चाचण्या, म्हणजे ४०० माणसं, एकत्र तपासल्या गेल्या तेव्हा फायदा लहान पण खरा निघाला. मुळात निद्रानाश असलेल्यांत तो जास्त होता. मानसिक ताणाबद्दल २०१२ ची चाचणी बरीच सांगितली जाते: ६४ माणसं, ६० दिवस, रोज दोनदा ३०० मिलिग्रॅम, आणि ताणाच्या गुणांबरोबर रक्तातलं कॉर्टिसोलही उतरलेलं. या चाचण्या लहान आहेत, काही महिन्यांपुरत्या आहेत. तरी आजी-आजोबांपासून जे ऐकत आलो त्याच्याशी त्या जुळतात, याचं मला मोल वाटतं.

काकांचा आस्कंद मी दिवाळीनंतर थांबवला. बळ भरून आलं की औषधाचं काम झालं. डबा मात्र फळीवरच राहिला.

मावशींनी डबा घेतला

मावशी फाल्गुनात माझ्याकडे आल्या त्या काकांना सोबत म्हणून. काकांचं सगळं ठीक होतं. मी मावशींकडे पाहिलं तर कपाळावर घाम, हात पुढे करायला सांगितला तर बोटं थरथरत होती. चेहरा उतरलेला.

“तुम्हाला काय होतंय, मावशी?”

“काय न्हाई वो. पाळी जायाचं वय हाय नव्हं. काळीज धडधडूलंय, रात्रभर डोळा लागंना झालाय. अंगात नुसती आग.”

नाडी मिनिटाला १०८. तीन महिन्यांत वजन चार किलोंनी उतरलेलं. दिवसातून तीन-चार वेळा शौचाला जावं लागायचं. घरात सगळ्यांनी हे पाळी जातानाचं म्हणून सोडून दिलं होतं. गावच्या बाईने तसं समजणं अगदी साहजिक आहे. लक्षणं एकमेकांवर इतकी बेमालूम बसतात की डॉक्टरही चकतात.

मावशींना सात-आठ वर्षांपासून थायरॉईड कमी असल्याचा त्रास होता आणि त्या रोज ७५ मायक्रोग्रॅमची गोळी घेत होत्या. टीएसएच म्हणजे थायरॉईडला कामाला लावणारं हार्मोन; शरीरात थायरॉईडचं हार्मोन जास्त झालं की हा आकडा उतरतो. आधीच्या वर्षीचा टीएसएच २.८, म्हणजे छान. आता आणखी काय घेता असं विचारलं तर म्हणाल्या, “औषध काहीच न्हाई.” मग मी प्रश्न बदलला. दुधातून काही? पुडीतलं काही? मुलाने पाठवलेलं काही?

“ते व्हय? ते औषध न्हवं की वो, ताकदीचं हाय. ह्यास्नी गुण आला, म्हणून मीबी चालू केलं.”

महिनाभर आधी त्या तपासणीला गेल्या होत्या तेव्हा तिथेही त्यांना दुसऱ्या औषधांबद्दल विचारलं गेलं होतं, कन्नडमधून. मावशींना बाजारापुरतं कन्नड येतं. त्यांनी ‘नाही’ म्हणून मान हलवली, आणि त्यांच्या समजुतीप्रमाणे ते खरंच होतं. आमच्या सीमाभागात डॉक्टर एका भाषेत विचारतो, रिपोर्ट इंग्रजीत येतो, बाटलीवरचा मजकूर इंग्रजी आणि हिंदीत असतो, आणि दुखणं मराठीत असतं. प्रश्न मराठीत विचारला असता तरी ‘औषध’ या खणात आस्कंद बसलाच नसता, हेही तितकंच खरं. म्हणून मी हल्ली वस्तूंची नावं घेऊन विचारते: काढा, चूर्ण, लेह्य, कॅप्सूल, पावडर, कुणी आणून दिलेला डबा.

पुढचा तपशील मावशींनी एकेक करत सांगितला. दसऱ्यापासून त्या काकांच्याच डब्यातलं एक चमचा चूर्ण रात्री दुधातून घेऊ लागल्या. दिवाळीपर्यंत त्यांना खरोखर बरं वाटलं. आधी जेमतेम चार तास झोप लागायची, ती सहा तासांवर गेली. सकाळी गुडघे धरायचे, ते सैल झाले. डबा संपला तेव्हा बाजारातल्या काष्ठौषधीच्या दुकानातून पुडी आणली आणि चमचा सकाळीही सुरू केला. संक्रांतीला मुलगा आला तो आईसाठी अश्वगंधा अर्काच्या कॅप्सूलची बाटली घेऊन: ५०० मिलिग्रॅमच्या, दिवसाला दोन. चूर्ण चालूच. माघात झोप पुन्हा मोडली, तेव्हा त्यांना वाटलं की औषध कमी पडतंय. कॅप्सूल दोनाच्या चार झाल्या.

या जागी मी वाचकाला थोडं थांबवते. चूर्ण म्हणजे अख्खं मूळ दळलेलं. अर्क म्हणजे बऱ्याच मुळातून काढून घट्ट केलेला सार. त्यामुळे अर्काचे ५०० मिलिग्रॅम आणि चूर्णाचे ५०० मिलिग्रॅम यांची तुलनाच होत नाही. मावशी दोन्ही मिळून किती मूळ पोटात घालत होत्या याचा हिशेब त्यांना लागणं शक्य नव्हतं, मुलालाही नाही.

तपासणीत काय निघालं

टीएसएच ०.०६. मुक्त टी-४, म्हणजे थायरॉईडचं स्वतःचं हार्मोन, वरच्या मर्यादेच्या पुढे. यकृताच्या तपासण्या ठीक. त्या मी मुद्दाम करून घेतल्या, कारण आस्कंदानंतर कावीळ आणि अंगाला खाज आल्याची मोजकी प्रकरणं आइसलँड आणि अमेरिकेतून २०२० मध्ये एकत्र प्रसिद्ध झाली आहेत. ईसीजीत ठोके जलद पण नियमित. हिमोग्लोबिन ९.८.

थायरॉईड हार्मोन वाढायची बाकीची कारणं आधी बाजूला करावी लागतात. गोळीचा डोस बदलला होता का? नाही, पाकीट बघितलं, तेच. घ्यायची पद्धत बदलली होती का? पूर्वी चहाबरोबर घेणारी बाई अचानक उपाशीपोटी घेऊ लागली तर शोषण वाढून टीएसएच उतरतो. पण मावशी सुरुवातीपासून पहाटे उठून पाण्याबरोबर घेत आणि तासाभराने चहा. गळ्याला गाठ नाही, दुखणं नाही, डोळे ठीक. मग उरला आस्कंद.

याला आधार आहे. उंदरांवरच्या प्रयोगांत आस्कंदाने टी-४ वाढल्याचं १९९० च्या दशकातच दिसलं होतं. २०१८ च्या एका चाचणीत थायरॉईड किंचित कमी असलेल्या ५० माणसांपैकी निम्म्यांना आठ आठवडे रोज ६०० मिलिग्रॅम अर्क दिला, तेव्हा त्यांचा टीएसएच उतरला आणि टी-४ वाढला. तिथे तो फायदा होता, कारण ती माणसं बाहेरून गोळी घेत नव्हती. मावशींची गोळी आधीच बरोबर बसवलेली होती. त्यावर आस्कंदाने आणखी भर घातली आणि तोल पलीकडे गेला.

माझं म्हणणं इथेच आहे. आस्कंद निरुपयोगी असता तर मावशींना काहीच झालं नसतं. तो शरीरात खरोखर काम करतो, म्हणूनच त्याची नोंद गोळीइतकीच नीट झाली पाहिजे. ‘झाडपाल्याचं आहे, त्याने काय होतंय’ असं म्हणणारा माणूस आणि ‘झाडपाल्याने काही होत नाही’ असं म्हणणारा डॉक्टर, दोघंही या मुळाला कमी लेखतात.

आयुर्वेदाच्या बाजूनेही उत्तर हेच येत होतं. पाळी जाताना अंगाची आग, घाम, चिडचिड ही पित्ताची लक्षणं. त्यावर उष्ण वीर्याचं औषध, तेही दोन वेळा, वर अर्क. काकांना वाळून थंडी भरली होती, त्यांना ऊब हवी होती. मावशींना नको होती. नाडी आणि प्रकृती बघून ठरवणारा कुठलाही वैद्य या दोघांना एकाच डब्यावर बसवणार नाही.

उपचार

त्याच दिवशी चूर्ण आणि कॅप्सूल दोन्ही बंद केलं, आणि मावशींना त्यांच्या फिजिशियनकडे चिठ्ठीसह पाठवलं. चिठ्ठीत आस्कंदाचा प्रकार, मात्रा आणि कालावधी इंग्रजीत लिहून दिला. त्यांनी तो गांभीर्याने वाचला याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. धडधडीसाठी त्यांनी थोडे दिवस एक गोळी दिली, पण थायरॉईडच्या गोळीचा डोस बदलला नाही. आधी आस्कंद शरीरातून जाऊ दे, मग बघू, असं आमचं दोघांचं ठरलं. डोस आणि आस्कंद एकदम बदलले असते तर कशाने काय झालं ते कधीच कळलं नसतं. अर्थात लक्षणं जास्त तीव्र असती किंवा हृदयाची लय बिघडलेली असती तर हा मार्ग घेता आला नसता.

दोन-तीन आठवड्यांत हातांची थरथर गेली, शौचाला जाणं दिवसातून एकदावर आलं. आठ आठवड्यांनी टीएसएच १.९, त्याच ७५ मायक्रोग्रॅमवर. आस्कंद थांबल्यावर, थायरॉईडच्या गोळीत काहीही न बदलता, आकडा जागेवर आला. एका माणसावरून सिद्धांत बांधता येत नाही, पण या बाईपुरतं कारण पुरेसं स्पष्ट होतं.

राहिलं ते हिमोग्लोबिन. मला या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच वाटते. मावशींनी आस्कंद का घेतला? थकवा होता म्हणून. थकवा कशाचा होता? पाळी जायच्या आधीची दोन-तीन वर्षं अंगावरून खूप जात होतं, आणि रक्त कमी झालं होतं. शाळेतल्या पोरांना सांबार-भात वाढून झाल्यावर स्वतः उरलेलं खाणारी बाई. आस्कंदाने झोप दिली, त्यामुळे बरं वाटलं, आणि रक्ताची तपासणी आणखी काही महिने मागे पडली. लोहाची गोळी सुरू झाली. ती थायरॉईडच्या गोळीपासून चार तास लांब ठेवायची, नाहीतर लोह तिचं शोषण अडवतं. म्हणून पहाटे थायरॉईडची आणि दुपारी जेवणानंतर लोहाची, लिंबाच्या फोडीबरोबर. नाचणीची आंबील, पालेभाजी, खजूर हे वर.

झोपेसाठी पोटात काही दिलं नाही. रात्री तळपायांना तूप लावून काशाच्या वाटीने घासायचं, हे काम काकांनी घेतलं. दुपारी चारनंतर चहा बंद. जेवण साडेसातच्या आत. मावशींनी आस्कंद परत मागितला, दोनदा मागितला, कारण ती दिवाळीतली झोप त्यांना आठवत होती. मी नाही म्हटलं. थायरॉईडची गोळी चालू असलेल्याने आस्कंद घेऊ नये. घ्यायचाच झाला तर गोळी देणाऱ्या डॉक्टरच्या नजरेखाली, रक्त तपासत. मावशींना त्याची गरज उरली नव्हती. आता त्या साडेपाच-सहा तास झोपतात आणि हिमोग्लोबिन ११.६ आहे.

सुनेचं

हे चौकशीत निघालं. सून तिसऱ्या महिन्यात होती, आणि बाळ बळकट व्हावं म्हणून मावशींनी तिलाही आठवडाभर अर्धा चमचा दूध-आस्कंद दिला होता. लगेच थांबवलं, तिच्या डॉक्टरांना कळवलं, सोनोग्राफी व्यवस्थित आली. गरोदरपणात आस्कंदाने गर्भाला धोका पोचू शकतो, त्यामुळे या काळात तो घरच्या घरी कधीही देऊ नये. दूध पाजतानाही मी देत नाही.

पुडी आणि बाटली

बाजारातून आणलेल्या पुडीत हिरवट छटा होती. आस्कंदाच्या मुळाचं चूर्ण फिकट, मळकट पांढरं असतं; हिरवं दिसलं की पानं किंवा देठ मिसळलेत असं समजावं. पानांत विथाफेरिन-ए हा तीव्र घटक मुळापेक्षा जास्त असतो, आणि २०२१ मध्ये आयुष मंत्रालयाने उत्पादकांना पानं न वापरता मूळच वापरा असं कळवलं होतं. शक्य असेल तर अख्खी मुळं आणावीत. ती हाताने मोडली तर कटकन तुटतात, आत पांढरी असतात, आणि वास उग्र असतो. आपल्या जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या कोरड्या भागातही हे झुडूप बांधाकडेला दिसतं, पोपटीसारख्या कागदी आवरणात लाल फळ असलेलं. तंबाखू आणि वांगी याच कुळातली. पण ओळख नसताना ते उपटून वापरू नये. दुकानातला बहुतेक माल मध्य प्रदेशातल्या नीमच-मंदसोर भागातल्या शेतीतून येतो.

कॅप्सूलच्या बाटलीवर आयुर्वेदिक औषधाचा परवाना नव्हता, अन्नसुरक्षेचा १४ अंकी क्रमांक होता. म्हणजे ती अन्नपूरक म्हणून विकली जात होती. त्यात बेकायदा काही नाही. फरक इतकाच की औषध म्हणून दिलेल्या डब्याबरोबर सहसा कुणी वैद्य असतो, पूरक म्हणून घेतलेल्या बाटलीबरोबर कुणीच नसतो. बेळगावसारख्या गावात, जिथे शहापूरला १९३३ पासून आयुर्वेद महाविद्यालय आहे आणि पारंपरिक औषधांवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्थाही आहे, तिथे विचारायला माणूस मिळत नाही असं नाही.

थायरॉईडखेरीज मधुमेहाची, रक्तदाबाची किंवा झोपेची गोळी चालू असणाऱ्यांनी, तसंच प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्यांनी आस्कंद सुरू करण्याआधी सांगणं जरुरीचं आहे. साखर आणि दाब दोन्ही त्याने आणखी उतरू शकतात, गुंगी वाढू शकते. निरोगी माणसाने घेतला तरी तीन महिन्यांपुढे सलग नको, कारण त्यापुढच्या सुरक्षिततेचा अभ्यास फारसा झालेला नाही.

त्या घरात आता एक वही आहे. थायरॉईड, लोह, काकांचा आस्कंद, सुनेच्या गोळ्या, सगळं सून मराठीत लिहिते आणि शेजारी इंग्रजीत नाव. डॉक्टर कुठल्याही भाषेत विचारो, वही पुढे करायची. काकांना येत्या थंडीत पुन्हा सहा आठवडे आस्कंद द्यायचा असं ठरलंय, भातकापणी झाल्यावर, वजन आणि यकृताची तपासणी बघून. डबा यावेळी त्यांच्या नावाची चिठ्ठी लावून वेगळा ठेवायचा आहे.